स्मार्ट द्रवांचे अध्यापन : अभियांत्रिकी अभ्यासक्रमातील एका घटकाची चिकित्सा

सारांश

अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमातील ‘स्मार्ट मटेरियल्स’ या वैकल्पिक विषयात स्मार्ट द्रव हा घटक बहुधा व्याख्या, तुलनात्मक तक्ता आणि उपयोगांची यादी या क्रमाने शिकविला जातो. या क्रमातून विद्यार्थ्याला माहिती मिळते. परंतु ती माहिती कोणत्या काळातील आहे, कोणत्या गणितातून आली आहे आणि कोणत्या अपयशांतून तावून निघाली आहे, याचे भान मिळत नाही. प्रस्तुत लेखात या अध्यापनपद्धतीची चिकित्सा केली असून इतिहास, अंकगणित, अपयश आणि मापन या चार आधारांवर घटकाची फेरमांडणी कशी करता येईल, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : स्मार्ट द्रव, श्यानता, यील्ड प्रतिबल, डँपर, अभियांत्रिकी अध्यापन

प्रास्ताविक

यांत्रिक अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात अनेक विद्यापीठांनी ‘स्मार्ट मटेरियल्स’ हा विषय वैकल्पिक म्हणून समाविष्ट केला आहे. पीझोइलेक्ट्रिक पदार्थ, आकारस्मृती मिश्रधातू, प्रकाशतंतू आणि स्मार्ट द्रव हे त्याचे ठरलेले घटक होत. यांपैकी स्मार्ट द्रवांचा घटक सामान्यतः चार ते सहा तासिकांत आटोपतो. मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल म्हणजे एम.आर. द्रव आणि इलेक्ट्रोऱ्हिऑलॉजिकल म्हणजे ई.आर. द्रव यांच्या व्याख्या सांगितल्या जातात. क्षेत्र लावताच द्रवातील कणांच्या साखळ्या कशा तयार होतात, याची आकृती फळ्यावर काढली जाते. दोहोंतील फरकाचा तक्ता उतरवून घेतला जातो. शेवटी मोटारीचे डँपर, पूल, कृत्रिम गुडघा, क्लच व ब्रेक अशी उपयोगांची यादी दिली जाते. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ किंवा ‘टीप लिहा’ या स्वरूपाचा प्रश्न येतो आणि तक्ता पाठ असलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात.

या पद्धतीत खोटे असे काही शिकविले जात नाही. तरीही या घटकाचे जे खरे शैक्षणिक मूल्य आहे, ते तिच्यातून हाती लागत नाही. द्रवयामिकी, विद्युतचुंबकत्व, पदार्थविज्ञान आणि नियंत्रणशास्त्र हे विषय विद्यार्थ्याने चार वर्षांत स्वतंत्र कप्प्यांत शिकलेले असतात. ते एका लहानशा उपकरणात एकत्र येतात, अशी उदाहरणे अभ्यासक्रमात फार नाहीत. स्मार्ट द्रव हे त्यांपैकी एक आहे. ते केवळ नवलाईचे उदाहरण म्हणून खर्ची पडावे, हे उचित नव्हे.

‘स्मार्ट’ या विशेषणाचा प्रश्न

चिकित्सेचा आरंभ संज्ञेपासूनच करावा लागतो. ‘स्मार्ट’ या शब्दामुळे द्रवाला स्वतःची काही जाण आहे, असा समज होतो. मराठीत त्यासाठी ‘चतुर’, ‘बुद्धिमान’ असे प्रतिशब्द योजले, तर हा समज अधिकच दृढ होतो. वस्तुतः एम.आर. द्रव म्हणजे खनिज तेल किंवा सिलिकॉन तेल यांसारख्या वाहक द्रवात काही मायक्रोमीटर आकाराचे लोखंडाचे कण आणि त्यांना विखुरलेले ठेवणारी द्रव्ये यांचे मिश्रण होय. कणांचे प्रमाण आकारमानाने साधारणतः २० ते ४० टक्के असते. चुंबकीय क्षेत्र लावले की कण चुंबकित होऊन एकमेकांस धरून राहतात. क्षेत्र काढले की ते पुन्हा मोकळे होतात. या क्रियेत जाण, निवड किंवा निर्णय यांपैकी काहीही नाही. कंपन ओळखते ते संवेदक, निर्णय घेते ती नियंत्रकातील आज्ञावली आणि त्याची अंमलबजावणी करते ते विद्युतप्रवाहाचे परिपथ. द्रव हा या साखळीतील आज्ञाधारक दुवा आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. द्रवालाच स्मार्ट मानणारा विद्यार्थी प्रकल्पाच्या वेळी द्रव कोठून विकत आणावा, याचा शोध घेऊ लागतो. संवेदक, कुंडली व नियंत्रक यांचा विचार तो शेवटी करतो किंवा करीतच नाही. त्यामुळे पहिल्याच तासिकेत ‘यातील स्मार्ट भाग कोणता?’ हा प्रश्न वर्गापुढे ठेवणे उपयुक्त ठरते. २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवी शिक्षणाला वाट करून दिली आहे. मराठीतून पाठ्यसामग्री तयार करताना ‘क्षेत्राधीन द्रव’ यासारखी वस्तुस्थितीशी प्रामाणिक संज्ञा विचारात घेता येईल. प्रचलित ‘स्मार्ट द्रव’ ही संज्ञा ठेवली, तरी तिच्या मर्यादेचा उल्लेख व्याख्येसोबतच व्हावा.

याच संदर्भात तिसऱ्या एका द्रवाबद्दलचा गोंधळही दूर करावा लागतो. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेत स्टीव्ह पॅपेल यांनी विकसित केलेला फेरोद्रव हा एम.आर. द्रवाचा पर्याय म्हणून सांगितला जातो. फेरोद्रवातील कण सुमारे १० नॅनोमीटरचे असतात आणि ब्राउनीय गतीमुळे तरंगत राहतात. चुंबकाजवळ तो आकर्षिला जातो, त्याच्या पृष्ठभागावर काटे उभे राहतात. परंतु तो एम.आर. द्रवासारखा घट्ट होत नाही. फिरत्या दंडाभोवतीचे सील आणि ध्वनिक्षेपक ही त्याची कार्यक्षेत्रे आहेत. काटे उभे राहतानाची चित्रफीत दाखवून एम.आर. डँपर समजावून सांगणे हे अध्यापनातील एक सर्रास घडणारे विषयांतर आहे.

इतिहासाचे वगळलेले पान

या द्रवांना ‘आधुनिक’ किंवा ‘उदयोन्मुख’ पदार्थ म्हणून सादर केले जाते. प्रत्यक्षात दोन्ही द्रवांना पाऊणशे वर्षे उलटून गेली आहेत. विलिस विन्स्लो यांना ई.आर. परिणामावर आधारित साधनाचे अमेरिकन पेटंट १९४७ मध्ये मिळाले आणि त्यांचा सविस्तर शोधनिबंध १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेकब रॅबिनॉव्ह यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करताना लोखंडाची पूड व तेल यांच्या मिश्रणावर चालणारा क्लच तयार केला. त्याचे वर्णन १९४८ मध्ये प्रकाशित झाले. म्हणजे ट्रान्झिस्टर आणि स्मार्ट द्रव ही जवळजवळ एकाच काळातील अपत्ये आहेत. ट्रान्झिस्टरने पुढील दोन दशकांत जग बदलले. एम.आर. द्रवाला मात्र मोठ्या प्रमाणावर उत्पादन होणाऱ्या मोटारीत स्थान मिळण्यास २००२ साल उजाडावे लागले. असे का झाले, हा प्रश्न पाठ्यक्रमात कोठेच विचारला जात नाही. वस्तुतः घटकाचा गाभा तोच आहे.

रॅबिनॉव्ह यांच्या क्लचची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. तेलातील लोखंडाची पूड तळाशी बसे, कण पृष्ठभागांची झीज करीत आणि सील टिकत नसत. पुढे अनेक निर्मात्यांनी या मिश्रणातून तेलच काढून टाकले. कोरड्या चुंबकीय पुडीवर चालणारे क्लच व ब्रेक कागद, छपाई, वेष्टन आणि वस्त्रोद्योगातील यंत्रांवर ताण नियंत्रित करण्यासाठी रुळले. सुबारू जस्टी या मोटारीत १९८७ मध्ये आलेल्या स्वयंचलित प्रेषणयंत्रणेतही विद्युतचुंबकीय पूड-क्लच वापरला गेला. मूळ कल्पनेतील द्रव वगळून कल्पना यशस्वी करण्याचा हा मार्ग होता. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत छपाई किंवा वेष्टनाच्या कारखान्यास भेट देणाऱ्या विद्यार्थ्यास ‘पावडर ब्रेक’ पाहावयास मिळू शकतो. परंतु वर्गात शिकलेल्या एम.आर. द्रवाशी त्याचे नाते आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

ई.आर. द्रवांचा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. आरंभीचे ई.आर. द्रव कणांवर शोषलेल्या ओलाव्यावर अवलंबून असत. तापमान वाढले की ओलावा उडे आणि परिणामही जाई. १९८०च्या दशकात पाण्यावाचून कार्य करणारे ई.आर. द्रव तयार झाले आणि मोटारउद्योगात मोठ्या आशा निर्माण झाल्या. त्या आशा ज्या प्रमाणात व्यक्त झाल्या, त्या प्रमाणात फलद्रूप झाल्या नाहीत. द्रवाचे प्रतिबल अपुरे पडले, तापमानाबरोबर गळतीप्रवाह वाढला आणि काही हजार व्होल्टचा पुरवठा वाहनात सांभाळणे अवघड ठरले. १९९०च्या दशकात लॉर्ड कॉर्पोरेशनसारख्या कंपन्यांनी एम.आर. द्रवांकडे लक्ष वळविले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

तक्त्याची तारीख

भारतातील अनेक विद्यापीठांच्या संदर्भग्रंथसूचीत गांधी व थॉम्पसन यांचा ‘स्मार्ट मटेरियल्स अँड स्ट्रक्चर्स’ हा ग्रंथ आढळतो. तो १९९२ मध्ये प्रकाशित झाला. आपल्या काळात त्याने या विषयाची एकत्रित मांडणी केली आणि ई.आर. द्रवांना त्यात ठळक स्थान दिले. ते स्थान त्या काळातील अपेक्षांशी सुसंगत होते. एम.आर. द्रवांचा व्यापारी उदय मात्र त्यानंतरचा आहे. हा दोष ग्रंथाचा नाही. ग्रंथाची तारीख न सांगता त्यातील प्राधान्यक्रम जसाच्या तसा शिकविणे हा दोष अध्यापनाचा आहे.

तुलनात्मक तक्त्याचीही हीच स्थिती आहे. द्रव वाहू लागण्यासाठी जे किमान कर्तन प्रतिबल ओलांडावे लागते, त्यास यील्ड प्रतिबल म्हणतात. ते ई.आर. द्रवासाठी २ ते ५ किलोपास्कल आणि एम.आर. द्रवासाठी ५० ते १०० किलोपास्कल असे तक्त्यात लिहिलेले असते. १९९०च्या दशकातील उपलब्ध द्रवांसाठी हे आकडे योग्य होते. २००३ मध्ये हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील वेन, शेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात युरियाचे लेपन असलेल्या सूक्ष्मकणांचा ई.आर. द्रव सादर केला आणि त्याचे यील्ड प्रतिबल १०० किलोपास्कलच्या पुढे गेल्याचे दाखविले. म्हणजे तक्त्यातील ‘ई.आर. दुर्बल, एम.आर. सबल’ ही ओळ निसर्गनियम नाही. ती विशिष्ट काळातील विशिष्ट द्रवांची नोंद आहे. तथापि, या नव्या द्रवाने एम.आर. डँपरांना बाजारातून हटविले नाही. का हटविले नाही, हा विद्यार्थ्याला विचारण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी प्रतिबलाखेरीज गळतीप्रवाह, कणांचे स्थैर्य, किंमत आणि विद्युतपुरवठा यांचा विचार त्याला करावा लागतो. तक्ता पाठ असणाऱ्याला हे उत्तर देता येत नाही.

तक्त्यामागील अंकगणित

तक्त्यातील फरकाचे कारण द्वितीय वर्षाच्या भौतिकशास्त्राने समजावून देता येते. निर्वातातील चुंबकीय ऊर्जाघनता म्हणजे क्षेत्रघनतेच्या वर्गाला निर्वाताच्या चुंबकीय पार्यतेच्या दुपटीने भागल्यावर येणारी राशी. ०.५ टेस्ला क्षेत्रासाठी ती प्रति घनमीटर सुमारे १ लाख जूल येते. विद्युत ऊर्जाघनता म्हणजे निर्वाताची विद्युत पार्यता गुणिले क्षेत्राचा वर्ग, याच्या निम्मी राशी. प्रति मिलिमीटर ४ किलोव्होल्ट क्षेत्रासाठी ती सुमारे ७१ जूल येते. याहून फार अधिक क्षेत्र लावता येत नाही, कारण द्रवाचे विद्युतरोधन कोसळते. दोहोंतील अंतर सुमारे १,४०० पट आहे. पदार्थांच्या गुणधर्मांमुळे विद्युत ऊर्जाघनता पाचपट वाढते आणि चुंबकीय ऊर्जाघनता पाचपट घटते, असे धरले तरी अंतर पन्नास पटींहून अधिक उरते. हे दहा मिनिटांचे गणित आहे. ते केल्यानंतर यील्ड प्रतिबलाचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. त्यांचा क्रम आपोआप ध्यानात राहतो.

पुढची पायरी उपकरणाची. विशिष्ट यांत्रिक शक्ती व नियंत्रणाचे विशिष्ट गुणोत्तर साधण्यासाठी लागणारे सक्रिय द्रवाचे किमान आकारमान हे श्यानतेच्या सम प्रमाणात आणि यील्ड प्रतिबलाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोन्ही द्रवांची श्यानता समान मानली आणि यील्ड प्रतिबल अनुक्रमे ४ व ५० किलोपास्कल धरले, तर ई.आर. उपकरणास सुमारे १५६ पट अधिक सक्रिय द्रव लागतो. येथे ‘वर्ग’ हा शब्द निर्णायक आहे. प्रतिबलातील साडेबारा पटींचा फरक आकारमानात दीडशे पटींचा होतो, हे विद्यार्थ्याने स्वतः काढून पाहिले पाहिजे.

मात्र येथेच थांबल्यास दुसरी एकांगी समजूत तयार होईल. एम.आर. उपकरणास द्रव कमी लागत असला, तरी कुंडली व पोलादाचा चुंबकीय मार्ग यांचे वजन त्याला वाहावे लागते. १ मिलिमीटरच्या दोन फटींत प्रति मीटर २ लाख अँपिअर क्षेत्र हवे असेल, तर केवळ फटींसाठी ४०० अँपिअर-वेढे लागतात. पोलादासाठी लागणारे वेगळे. ई.आर. उपकरणात याऐवजी दोन पातळ धातुपृष्ठे पुरतात. तक्त्यात ‘१२ व्होल्ट’ विरुद्ध ‘४,००० व्होल्ट’ अशी तुलना असते. परंतु प्रवाह एकीकडे अँपिअरमध्ये व दुसरीकडे मिलिअँपिअरमध्ये असल्याने लागणारी विद्युतशक्ती दोहोंकडे साधारण एकाच श्रेणीतील असते. निवड होते ती समग्र यंत्रणेची. हा विचार रुजविणे हेच या घटकाचे साध्य असावे.

अपयशाचे अध्यापन

उपयोगांच्या यादीत द्रव बिघडतो कसा, याला जागा नसते. तीन बिघाड विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला बिघाड कण तळाशी बसण्याचा. लोखंड तेलाहून सुमारे आठ-नऊ पट घन असते. ५ मायक्रोमीटर व्यासाचा कण आणि ०.१ पास्कल-सेकंद श्यानतेचे तेल घेऊन स्टोक्सचा नियम लावला, तर कणाचा अधोगामी वेग प्रति सेकंद सुमारे १ मायक्रोमीटर येतो. म्हणजे एका दिवसात सुमारे ८ सेंटिमीटर. दाट मिश्रणात कण एकमेकांस अडवितात आणि घट्टपणा देणारी द्रव्ये मिसळल्याने हा वेग पुष्कळ कमी होतो. परंतु प्रश्न का उद्भवतो, हे या एका गणिताने स्पष्ट होते. वेग त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्याने १० नॅनोमीटरचा फेरोद्रव का बसत नाही, हेही त्यातूनच उलगडते.

दुसरा बिघाड वापरानंतर द्रव दाट होत जाण्याचा. दीर्घकाळ उच्च प्रतिबलाखाली काम केल्यावर काही एम.आर. द्रव क्षेत्र नसतानाही लापशीसारखे घट्ट होत. कणांच्या पृष्ठभागावरील ठिसूळ ऑक्साइडचे थर सुटून अतिसूक्ष्म चुरा तयार होतो, हे त्याचे कारण मानले जाते. लॉर्ड कॉर्पोरेशनमधील डेव्हिड कार्लसन यांनी या प्रश्नाची चर्चा प्रकाशित लेखनात केली आहे. चांगला एम.आर. द्रव म्हणजे सर्वाधिक यील्ड प्रतिबलाचा द्रव, ही समजूत तिच्यामुळे मोडीत निघते. टिकाऊपणा, पुन्हा ढवळले जाण्याची सुलभता आणि क्षेत्र नसतानाची कमी श्यानता यांचेही मोल तितकेच असते.

तिसरा बिघाड झिजेचा. लोखंडाचे कण असलेले तेल दट्ट्याच्या सीलवरून लक्षावधी वेळा घासत जाते. सील, पृष्ठभागाचे कठिणीकरण आणि कणांचा आकार यांचा विचार यंत्ररचनेच्या विषयाशी जोडता येतो.

हे बिघाड उपयोगांच्या यादीशी जोडले की यादीला अर्थ प्राप्त होतो. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस या मोटारीत डेल्फी कंपनीची मॅग्नेराइड ही यंत्रणा आली. धावत्या मोटारीच्या डँपरमध्ये दट्ट्या सतत हलत असल्याने द्रव आपोआप ढवळला जातो. चीनच्या हुनान प्रांतातील दोंगतिंग सरोवरावरील पुलाच्या केबल पाऊस व वारा यांमुळे डोलू नयेत म्हणून तेथे २००२ मध्ये एम.आर. डँपर बसविले गेले. तेथेही हालचाल वारंवार घडते. टोकियोतील उदयोन्मुख विज्ञानविषयक राष्ट्रीय संग्रहालयाच्या इमारतीत २००१ मध्ये बसविलेल्या ३० टन क्षमतेच्या डँपरांची स्थिती निराळी आहे. तेथे मोठ्या भूकंपाची वाट पाहत द्रव वर्षानुवर्षे जवळजवळ स्तब्ध राहणार आणि नेमक्या क्षणी त्याने पूर्ण क्षमतेने काम करावयाचे. भिंगांना चकाकी देण्याच्या एम.आर. पद्धतीत द्रव सतत पंपाद्वारे फिरविला जातो, त्यामुळे कण बसण्याचा प्रश्नच तीव्र राहत नाही. यादीतील ‘मोटार, पूल, इमारत, भिंगे’ हे चार शब्द म्हणजे चार निरनिराळ्या कसोट्या आहेत. ‘यांपैकी कोणत्या उपयोगासाठी कण तळाशी न बसणारा द्रव सर्वाधिक आवश्यक आहे? सकारण लिहा.’ असा प्रश्न परीक्षेत विचारल्यास उत्तर तक्त्यातून सापडणार नाही, विचारातून सापडेल.

उपकरणाचे आकलन

उपकरणाच्या पातळीवर आणखी दोन बाबी सुटून जातात. एम.आर. डँपर अर्धसक्रिय असतो. तो गतीला विरोध कमी-जास्त करू शकतो, परंतु वाहनाच्या सांगाड्यास स्वतः ढकलू शकत नाही. म्हणजे ऊर्जा काढून घेतो, देत नाही. त्यामुळे तो यंत्रणेस अस्थिर करण्याची भीती उरत नाही आणि वीज गेली तरी साधा डँपर म्हणून काही प्रमाणात कार्य करीत राहतो. कार्नोप व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला ‘स्कायहुक’ नियम येथे शिकविता येतो. सांगाड्याचा वेग आणि दट्ट्याचा सापेक्ष वेग यांचा गुणाकार धन असेल तर विरोध वाढवावा, ऋण असेल तर कमीत कमी ठेवावा, इतका तो सोपा आहे. ‘स्मार्ट’पणा येथे आहे, याची खूण विद्यार्थ्याला पटते.

दुसरी बाब तत्परतेची. द्रवाचा प्रतिसाद काही मिलिसेकंदांचा असतो, असे तक्ता सांगतो. उपकरणाचा प्रतिसाद मात्र कुंडलीत प्रवाह किती लवकर वाढतो, यावर अवलंबून असतो. कुंडलीचे प्रवर्तकत्व ०.१ हेन्री आणि रोध ५ ओहम असेल, तर तिचा कालांक २० मिलिसेकंद येतो. द्रव तयार असतो, परंतु क्षेत्र पोहोचलेले नसते. विद्युत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील हा धडा येथे अचानक उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेची अडचण आणि शक्यता

चुंबकीय क्षेत्राची सोय असलेला ऱ्हिऑमीटर पदवी महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि या कारणाने हा घटक प्रयोगाविना शिकविला जातो. ही अडचण खरी असली, तरी ती अंतिम नाही. लोखंडाची बारीक पूड व सिलिकॉन तेल यांचे मिश्रण महाविद्यालयातच तयार करता येते. मोजपात्रात ते ठेवून कणांच्या थराची सीमा एक दिवस, एक आठवडा व एक महिना यांनंतर नोंदविणे, तेलात थोडे ग्रीस मिसळून पुन्हा तीच नोंद घेणे, हा जवळजवळ बिनखर्चाचा प्रयोग आहे.

यील्ड प्रतिबल मोजण्यासाठी समाक्ष दंडगोलांची जुनी पद्धत पुरते. आतील दंडगोलाची त्रिज्या २० मिलिमीटर, द्रवात बुडालेली लांबी ४० मिलिमीटर आणि यील्ड प्रतिबल १० किलोपास्कल असेल, तर दंडगोल सरकविण्यासाठी सुमारे १ न्यूटन-मीटर परिबल लागते. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या कप्पीवर दोरी गुंडाळल्यास त्यासाठी सुमारे २ किलोग्रॅम वजन टांगावे लागेल. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत अशी मांडणी तयार होऊ शकते. बेअरिंगचे घर्षण आधी वेगळे मोजून वजा करणे, पृष्ठभागावरून द्रव घसरतो काय हे तपासणे, फटीतील क्षेत्र हॉल संवेदकाने मोजणे या गोष्टी ओघाने येतात. मोजमापात त्रुटी येतीलच. त्या त्रुटींची कारणमीमांसा हा प्रयोगाचा उत्तम भाग ठरतो. बारीक लोखंडी पूड हाताळताना मुखपट्टी वापरणे आणि ज्योत दूर ठेवणे आवश्यक आहे. ई.आर. द्रवाचे प्रयोग मात्र उच्च व्होल्टतेमुळे पर्यवेक्षणाविना करू नयेत.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप वेळेचा. सहा तासिकांत इतके सर्व कसे शिकवावे, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. त्यास उत्तर असे की उपयोगांची यादी व लांबलचक तक्ते यांवर खर्च होणारा वेळ वाचविता येतो. ते विद्यार्थी स्वतः वाचू शकतो. ऊर्जाघनतेचे, कण बसण्याचे आणि द्रवाच्या आकारमानाचे अशी तीन गणिते, एक प्रयोग व एक चर्चा इतकीच भर घातली, तरी घटकाचे स्वरूप पालटते.

दुसरा आक्षेप असा की वैकल्पिक विषयाचे प्रयोजन ओळख करून देणे एवढेच असते. अपयशांवर भर दिल्यास विद्यार्थ्याचा उत्साह मावळेल. या आक्षेपात तथ्य आहे, कारण कुतूहल जागे झाल्यावाचून पुढचे काही घडत नाही. परंतु कुतूहल जागे करून ते तेथेच सोडणाऱ्या अध्यापनाचा परिणाम प्रकल्पाच्या वेळी दिसतो. द्रव बसतो, सील गळते, कुंडली तापते, आणि आपलेच काही चुकले, असे विद्यार्थ्याला वाटते. हे प्रश्न रॅबिनॉव्ह यांच्यापासून नामांकित प्रयोगशाळांना छळत आले आहेत, हे ठाऊक असलेला विद्यार्थी खचत नाही; तो प्रश्नाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहतो.

निष्कर्ष

१. स्मार्ट द्रवांच्या प्रचलित अध्यापनातील माहिती चुकीची नसून ती संदर्भहीन आहे. प्रत्येक तक्त्यासोबत त्याचा काळ व मोजमापाच्या अटी सांगितल्या जाव्यात.

२. ‘स्मार्ट’पणा द्रवात नसून संवेदक, नियंत्रक व द्रव यांच्या संयुक्त यंत्रणेत आहे, हे व्याख्येच्या वेळीच स्पष्ट व्हावे.

३. ई.आर. व एम.आर. यांतील निवड पाठांतराऐवजी ऊर्जाघनता, सक्रिय आकारमान आणि चुंबकीय मार्ग यांच्या प्राथमिक गणितांतून शिकविता येते.

४. कण बसणे, द्रव दाट होणे व झीज हे विषय अभ्यासक्रमात उपयोगांच्या बरोबरीने यावेत.

५. मूल्यमापनात ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाची जागा निवडीचे समर्थन मागणाऱ्या प्रश्नाने घ्यावी.

पदवीनंतर बहुसंख्य विद्यार्थी एम.आर. द्रव हाताळणार नाहीत. नव्या पदार्थाची आकर्षक जाहिरात, जुना तक्ता आणि मोजक्या निधीचा प्रकल्प यांतून निर्णय घेण्याची वेळ मात्र त्यांतील प्रत्येकावर येणार आहे. तो निर्णय घेण्याचा सराव या लहानशा घटकात करून घेता आला, तर अभ्यासक्रमातील त्याचे स्थान सार्थ ठरेल.